स्पॅनिश शब्दांचे लॅटिन कूळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्पॅनिश शिकणाऱ्या आणि शब्दांच्या व्युत्पत्तीत रस घेणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. स्पॅनिशमधील नेहमीचे शब्द लॅटिनमधून आले असे आपण वाचतो. ते नेमके कसे आले, हे जाणून घेण्याची इच्छा जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसते. पुढील मजकुरात स्पॅनिश शब्द आजच्या उच्चाराला धरून आणि लॅटिन शब्द जुन्या रोमन उच्चाराला धरून देवनागरीत लिहिले आहेत. त्यांतला ‘च’ सर्वत्र ‘चिमणी’तला समजावा. स्पॅनिश शब्दांतला ‘ख’ घशात घासून उच्चारायचा आहे, तर ‘ल्य’चा उच्चार आज बहुतेक ठिकाणी ‘य’ असा होतो.

प्रश्न : लॅटिन शब्दकोशात घराला ‘दोमुस’, विस्तवाला ‘इग्निस’ आणि घोड्याला ‘एक्वुस’ असे शब्द दिले आहेत. स्पॅनिशमध्ये मात्र घर म्हणजे ‘कासा’, विस्तव म्हणजे ‘फुएगो’ आणि घोडा म्हणजे ‘काबाल्यो’. मग स्पॅनिश शब्द लॅटिनमधून आले असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

हे तिन्ही स्पॅनिश शब्द अस्सल लॅटिनच आहेत, मात्र ते ग्रंथांतल्या लॅटिनपेक्षा बोलण्यातल्या लॅटिनमधून आलेले आहेत. कार्थेजशी युद्ध चालू असताना इ. स. पू. 218 मध्ये रोमन सैन्य इबेरियन द्वीपकल्पाच्या, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या, ईशान्य किनाऱ्यावर उतरले आणि ऑगस्टसच्या काळात, इ. स. पू. 19 मध्ये, उत्तरेकडील शेवटचा प्रतिकार मोडून काढीपर्यंत रोमची तेथील मोहीम सुरूच राहिली. या दोन शतकांत आणि त्यानंतरही तेथे येऊन राहिले ते सैनिक, व्यापारी, कारकून आणि जमिनी मिळालेले निवृत्त शिपाई. त्यांच्या तोंडी जी भाषा होती, तीच स्थानिकांनी उचलली.

या बोलीत ‘कासा’ म्हणजे झोपडी होती, ती पुढे कोणत्याही घराला लागू झाली. ‘फोकुस’ म्हणजे चूल. चुलीतल्या विस्तवावरून तो शब्द विस्तवाचाच झाला आणि त्याचे ‘फुएगो’ बनले. ‘काबाल्लुस’ हे ओझ्याच्या, राबत्या घोड्याचे नाव होते. ‘बुक्का’ म्हणजे गाल, त्याचे ‘बोका’ म्हणजे तोंड झाले. बोलणे या अर्थी ग्रंथांत ‘लोक्वी’ असे. बोलीत मात्र ‘फाबुलारी’, म्हणजे गप्पागोष्टी करणे, हे क्रियापद रूढ होते आणि त्याचेच आजचे ‘आब्लार’ झाले. जुना ‘एक्वुस’ घोड्याच्या बाबतीत लोपला, पण त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘एक्वा’ घोडीसाठी टिकले आणि ‘येग्वा’ या रूपात ते आजही वापरात आहे.

बोली लॅटिनचे हे चित्र केवळ अनुमानावर उभे नाही. इ. स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर सामान्य लोकांनी खरडलेला मजकूर सापडतो आणि त्यातल्या चुका लोक प्रत्यक्षात कसे बोलत हे सांगून जातात. त्याहून मोलाचा पुरावा म्हणजे ‘प्रोबसचे परिशिष्ट’ या नावाने ओळखली जाणारी यादी. कोणा अज्ञात शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी ‘असे म्हणावे, तसे म्हणू नये’ अशा जोड्या लिहून काढल्या आहेत. ‘मेन्सा’ म्हणावे, ‘मेसा’ म्हणू नये; ‘विरिदिस’ म्हणावे, ‘विर्दिस’ म्हणू नये; ‘स्पेकुलुम’ म्हणावे, ‘स्पेक्लुम’ म्हणू नये; ‘औरिस’ म्हणावे, ‘ओरिक्ला’ म्हणू नये; सासूसाठी ‘सोक्रुस’ म्हणावे, ‘सोक्रा’ म्हणू नये; सुनेसाठी ‘नुरुस’ म्हणावे, ‘नुरा’ म्हणू नये. आता स्पॅनिश शब्द पाहा : टेबल ‘मेसा’, हिरवा ‘बेर्दे’, आरसा ‘एस्पेखो’, कान ‘ओरेखा’, सासू ‘सुएग्रा’, सून ‘नुएरा’. प्रत्येक वेळी स्पॅनिश शब्द जोडीतल्या दुसऱ्या, म्हणजे निषिद्ध ठरवलेल्या रूपापासून निघाला आहे. या शिक्षकाने इतक्या काळजीने अशुद्ध रूपे टिपली नसती, तर बोली लॅटिनविषयीचे आपले ज्ञान पुष्कळच तोकडे राहिले असते. भाषेच्या इतिहासात मला या साध्या यादीइतका लोभ दुसऱ्या कोणत्याही कागदाचा नाही.

प्रश्न : लॅटिन शब्दाचा स्पॅनिश शब्द होताना काही निश्चित नियम असतात, की प्रत्येक शब्द आपापल्या परीने बदलतो?

नियम असतात, आणि ते इतके पक्के असतात की एकदा लक्षात आले की शेकडो शब्द ओळखू येऊ लागतात. एकच नियम जवळून पाहू. लॅटिनमधील ‘क्त’ या जोडाक्षराचा स्पॅनिशमध्ये ‘च’ होतो. रात्र ‘नोक्तेम’ची ‘नोचे’ झाली, आठ ‘ओक्तो’चे ‘ओचो’, दूध ‘लाक्तेम’चे ‘लेचे’, छप्पर ‘तेक्तुम’चे ‘तेचो’, केलेले ‘फाक्तुम’चे ‘एचो’, सरळ किंवा उजवा या अर्थाच्या ‘दिरेक्तुम’चे ‘देरेचो’. (लॅटिन नामे येथे ‘-म’कारान्त दिसतात, कारण स्पॅनिश नामे बहुधा लॅटिनच्या द्वितीया विभक्तीच्या रूपापासून आली आहेत.) हा बदल एका झटक्यात झाला नाही. प्रथम ‘क’ सैल होऊन ‘य’सारखा झाला, म्हणजे ‘नोक्ते’चे ‘नोय्ते’ झाले, आणि नंतर त्या ‘य’ने शेजारच्या ‘त’ला टाळूकडे ओढून त्याचा ‘च’ केला. मधली पायरी कल्पनेतली नाही. पोर्तुगीज भाषा तिथेच थांबली असून तिच्यात आजही रात्रीला ‘नोइते’, आठाला ‘ओइतो’ आणि दुधाला ‘लेइते’ असेच लिहिले जाते. इटालियनने निराळा मार्ग घेतला आणि ‘क’ला ‘त’मध्ये मिसळून ‘नोत्ते’, ‘ओत्तो’, ‘लात्ते’ अशी रूपे घडवली.

दुसरा नियम स्वरांचा आहे आणि शिकणाऱ्यांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो. लॅटिनमधील ऱ्हस्व ‘ओ’वर आघात असेल तर त्याचा ‘उए’ होतो आणि ऱ्हस्व ‘ए’वर आघात असेल तर ‘इए’ होतो. म्हणून ‘पोर्ता’चे ‘पुएर्ता’ म्हणजे दार, ‘बोनुम’चे ‘बुएनो’ म्हणजे चांगला, ‘तेर्रा’चे ‘तिएर्रा’ म्हणजे जमीन, ‘वेन्तुम’चे ‘बिएन्तो’ म्हणजे वारा. आघात पुढच्या अक्षरावर गेला की मूळ स्वर जसाच्या तसा राहतो. म्हणूनच दार ‘पुएर्ता’ असले तरी द्वारपाल ‘पोर्तेरो’ असतो आणि नऊ ‘नुएबे’ असले तरी नव्वद ‘नोबेन्ता’ असतात. पाठ्यपुस्तके ज्यांना अनियमित क्रियापदे म्हणतात, त्यांपैकी बऱ्याच क्रियापदांचे रहस्य हेच आहे : ‘मी झोपतो’ हे ‘दुएर्मो’ आणि ‘आम्ही झोपतो’ हे ‘दोर्मीमोस’, कारण पहिल्यात आघात ‘ओ’वर पडत होता आणि दुसऱ्यात तो पुढे सरकला. माझ्या मते विद्यार्थ्यांना ही क्रियापदे नुसती पाठ करायला लावण्याऐवजी हे एक कारण सांगितले तर त्यांचे श्रम बरेच वाचतील.

आणखी दोन नियम थोडक्यात. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले ‘प, त, क’ मृदू होऊन ‘ब, द, ग’ होतात : ‘लुपुम’चा ‘लोबो’ म्हणजे लांडगा, ‘वीता’चे ‘बिदा’ म्हणजे आयुष्य, ‘अमीकुम’चा ‘आमीगो’ म्हणजे मित्र. तसेच शब्दारंभीच्या ‘प्ल, क्ल, फ्ल’ या तिन्हींचा ‘ल्य’ होतो : ‘प्लेनुम’चे ‘ल्येनो’ म्हणजे भरलेला, ‘क्लावेम’ची ‘ल्याबे’ म्हणजे किल्ली, ‘फ्लाम्मा’ची ‘ल्यामा’ म्हणजे ज्वाला.

प्रश्न : स्पॅनिशमध्ये ‘एच’ हे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. न उच्चारायचे अक्षर ठेवले तरी कशासाठी?

हा प्रश्न एकाहून अधिक वाचकांनी विचारला आहे. उत्तर थोडे लांबते, कारण आजच्या एकाच मुक्या ‘एच’मागे तीन निरनिराळे इतिहास दडलेले आहेत.

पहिला आणि सर्वांत मोठा गट मूळच्या ‘फ’चा आहे. लॅटिन ‘फारीना’चे पीठ स्पॅनिशमध्ये ‘आरीना’ झाले, ‘फीलियुम’ म्हणजे मुलगा याचे ‘ईखो’, ‘फुमुम’ म्हणजे धूर याचे ‘ऊमो’, ‘फोर्मीका’ म्हणजे मुंगी हिचे ‘ओर्मीगा’, ‘फेर्रुम’ म्हणजे लोखंड याचे ‘येर्रो’. लिहिताना या सर्व शब्दांच्या आरंभी ‘एच’ येतो. मधल्या काळात हा ‘फ’ सैल होऊन ‘ह’सारखा उच्चारला जात होता. आंतोनियो दे नेब्रिखा याने 1492 साली कास्तिलियन, म्हणजेच आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो त्या, भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, त्या वेळी सुशिक्षितांच्या तोंडी तो ‘ह’ ऐकू येत असे. सोळाव्या शतकात तो उत्तरेकडून क्रमाने नाहीसा झाला. आंदालुसिया आणि एस्त्रेमादुरा या प्रांतांच्या काही भागांतील बोलींमध्ये हा जुना ‘ह’ अजूनही आढळतो. कास्तिलियनचा जन्म बास्क भाषेच्या शेजारात झाला आणि जुन्या बास्कमध्ये ‘फ’ हा ध्वनी नव्हता, म्हणून हा बदल बास्कच्या प्रभावामुळे घडला असे मत स्पॅनिश भाषाभ्यासक रामोन मेनेन्देस पिदाल यांनी मांडले. ते आजही वादाचा विषय आहे, परंतु हा बदल कास्तिलियनच्या उगमप्रदेशात घडला आणि पोर्तुगीज व कॅटलान या शेजारणींनी ‘फ’ सोडला नाही, ही वस्तुस्थिती त्या मताला बळ देते. ‘फ’ काही ठिकाणी टिकलाही : त्याच्यापुढे ‘उए’ किंवा ‘र’ आला की तो हलत नाही, म्हणून ‘फुएगो’, ‘फुएर्ते’ म्हणजे बलवान, ‘फ्रेन्ते’ म्हणजे कपाळ.

दुसरा गट ‘ओम्ब्रे’ म्हणजे माणूस आणि ‘ओरा’ म्हणजे तास अशा शब्दांचा. इथला ‘एच’ लॅटिनमध्येच होता. पण त्याचा उच्चार रोमन लोकांच्या बोलीतूनच गेलेला होता. मध्ययुगीन कास्तिलियन लेखनिक माणसाला सरळ ‘ओमने’ किंवा ‘ओमे’ असे, ‘एच’ न घालता लिहीत. नंतरच्या विद्वानांनी लॅटिनकडे पाहून तो परत आणला. ‘ओम्ब्रे’मधला ‘ब’ कुठून आला, असेही एका वाचकाने विचारले आहे. ‘होमिनेम’मधला मधला स्वर गळून ‘ओमने’ झाले, ‘मन’ ही जोडी जड वाटल्याने तिचे ‘मर’ झाले, आणि ‘म’कडून ‘र’कडे जाताना ओठ उघडण्याच्या क्षणी आपोआप ‘ब’ उमटला. ‘नोमेन’ म्हणजे नाव याचे ‘नोम्ब्रे’ आणि ‘फेमिना’ म्हणजे स्त्री हिचे ‘एम्ब्रा’ म्हणजे मादी, ही रूपे याच वाटेने आली.

तिसरा गट सर्वांत मनोरंजक. अंडे म्हणजे लॅटिन ‘ओवुम’, स्पॅनिश ‘उएबो’. हाड म्हणजे ‘ओस’, स्पॅनिश ‘उएसो’. पोरका म्हणजे ‘ओर्फानुस’, स्पॅनिश ‘उएर्फानो’. यांपैकी कशाच्याही आरंभी मूळचा ‘फ’ नाही आणि मूळचा ‘एच’ही नाही. जुन्या लेखनात ‘यू’ आणि ‘व्ही’ ही एकाच अक्षराची दोन वळणे होती, त्यामुळे शब्दाच्या सुरुवातीला ‘उए’ लिहिले की वाचणारा ते ‘वे’ असे वाचण्याची शक्यता असे. इथे स्वर आहे, व्यंजन नाही, हे दाखवण्यासाठी लेखनिकांनी पुढे ‘एच’ची खूण लावली. पुढे ती दोन अक्षरे वेगळी झाली आणि खुणेची गरज उरली नाही, तरी खूण राहिली. ‘उए’ नसलेल्या सोबतच्या शब्दांत ‘एच’ नाही हाच याचा पुरावा : हाडासंबंधीचे विशेषण ‘ओसेओ’ आणि अनाथालय म्हणजे ‘ओर्फानातो’, दोन्ही ‘एच’विना. वास येणे हे क्रियापद ‘ओलेर’ आहे, त्याला ‘एच’ नाही, पण ‘वास येतो’ म्हणताना ‘उएले’ होते आणि लगेच ‘एच’ लागतो.

प्रश्न : स्पॅनिश ‘दोस, त्रेस, सिएते, नुएबे’ आणि मराठी ‘दोन, तीन, सात, नऊ’ यांतले साम्य योगायोगाचे आहे का?

योगायोगाचे नाही. लॅटिन आणि संस्कृत या इंडो-युरोपीय कुळातल्या सख्ख्या नसल्या तरी नात्यातल्या बहिणी आहेत. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत यांतले साम्य अपघाताने येण्यासारखे नाही आणि त्या एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले. ‘सेप्तेम’ आणि ‘सप्त’, ‘ओक्तो’ आणि ‘अष्टौ’, ‘नोवेम’ आणि ‘नव’, ‘देकेम’ आणि ‘दश’ ही जोड्यांची मालिका त्याची साक्ष देते. पुढचा प्रवास दोन्हीकडे स्वतंत्रपणे, तरीही चकित करण्याइतका सारखा झाला. इकडे ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ आणि मराठीत ‘सात’ झाले, तर तिकडे ‘सेप्तेम’चे इटालियनमध्ये ‘सेत्ते’ आणि स्पॅनिशमध्ये ‘सिएते’ झाले. दोन्हीकडे ‘प’ पुढच्या ‘त’मध्ये विरघळला.

मात्र नुसत्या साम्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. स्पॅनिश ‘मूचो’ आणि इंग्रजी ‘मच’ यांचा अर्थ एकच, म्हणजे पुष्कळ, आणि ध्वनीही जवळचा, पण त्यांचे नाते नाही. ‘मूचो’ लॅटिन ‘मुल्तुम’पासून आला. इंग्रजी ‘मच’ निराळ्या धातूचा आहे आणि तो आपल्या ‘महा’चा नातलग ठरतो. दिवसाला स्पॅनिशमध्ये ‘दिया’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘डे’. हेही एकमेकांचे कोणी नाहीत. ‘दिया’ हा लॅटिन ‘दिएस’चा वंशज असून त्याचे खरे नाते ‘दिवस’ या शब्दाशी आहे.

प्रश्न : आठवड्याच्या वारांची स्पॅनिश नावे आपल्या वारांशी जुळतात का?

पाच वार तंतोतंत जुळतात. ‘लुनेस’मध्ये ‘लूना’ म्हणजे चंद्र आहे, ‘मार्तेस’मध्ये मंगळ, ‘मिएर्कोलेस’मध्ये बुध, ‘खुएबेस’मध्ये ‘योविस’ म्हणजे गुरू आणि ‘बिएर्नेस’मध्ये ‘वेनेरिस’ म्हणजे शुक्र. उरलेल्या दोन वारी मात्र ग्रहांना धर्माने बाजूला सारले : शनीच्या वाराला हिब्रू ‘शब्बात’वरून लॅटिनमार्गे ‘साबादो’ नाव मिळाले आणि सूर्याच्या वाराला ‘दोमिनिकुस’, म्हणजे प्रभूचा दिवस, यावरून ‘दोमिंगो’.

एक बारकावा सांगण्याजोगा आहे. लॅटिनमध्ये ‘मंगळाचा’ हे षष्ठीचे रूप ‘मार्तिस’, ‘गुरूचा’ हे ‘योविस’ आणि ‘शुक्राचा’ हे ‘वेनेरिस’. तिन्हींच्या शेवटी ‘स’ मुळातच आहे. ‘चंद्राचा’ हे रूप मात्र ‘लुनाय’ आणि ‘बुधाचा’ हे ‘मेर्कुरिई’ असे, तिथे ‘स’ नाही. बाकीच्या तिघांच्या संगतीने या दोघांनाही ‘स’ जोडला गेला. अशा प्रक्रियेला भाषाशास्त्रात सादृश्य म्हणतात आणि ध्वनिनियमांना जिथे अपवाद दिसतो, तिथे पुष्कळदा सादृश्याचाच हात असतो.

प्रश्न : ‘ल्याबे’ आणि ‘क्लाबे’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दापासून आले असे वाचले. मग नियम पक्के कसे?

मराठी वाचकाला हे समजायला अडचण पडू नये, कारण तद्भव आणि तत्सम हा भेद आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. ‘हात’ आपल्याकडे तोंडोतोंडी झिजत आला आणि ‘हस्त’ संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. तसेच ‘ल्याबे’ ही बोलण्यातून आलेली किल्ली आहे आणि ‘क्लाबे’ हा विद्वानांनी लॅटिन ग्रंथांतून नंतर घेतलेला शब्द असून तो सांकेतिक लिपीची किल्ली किंवा प्रश्नाचा मर्मबिंदू या अर्थी वापरतात. नियम लागू होतात ते तद्भवांना. ग्रंथांतून उशिरा आलेल्या शब्दाच्या वेळी ते बदल होऊन गेलेले असतात.

त्यामुळे स्पॅनिशमध्ये अनेकदा नाम तद्भव आणि त्याचे विशेषण तत्सम असते : दूध ‘लेचे’ पण दुग्धजन्य ‘लाक्तेओ’, रात्र ‘नोचे’ पण रात्रीचा ‘नोक्तुर्नो’, मुलगा ‘ईखो’ पण पुत्रवत ‘फिलियाल’. काही जोड्यांत अर्थ फार दूर गेले आहेत. लॅटिन ‘देलिकातुस’पासून ‘देल्गादो’ म्हणजे सडपातळ आणि ‘देलिकादो’ म्हणजे नाजूक. सर्वांत लांबची ताटातूट ‘कातेद्रा’ची : ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेल्या या शब्दाचा अर्थ आसन. ग्रंथांतून तो परतला तेव्हा ‘कातेद्रा’ म्हणजे विद्यापीठातील प्राध्यापकपद झाले. बोलीतून मात्र आसनावरून बसण्याचा अवयव आणि तेथून कंबरेखालची बाजू असा अर्थ सरकत ‘कादेरा’ म्हणजे नितंबाचा भाग झाला.

प्रश्न : काम या अर्थाचा ‘त्राबाखो’ हा शब्द छळाच्या साधनावरून आला, असे सांगतात. अशा कथा खऱ्या असतात का?

काही असतात, पुष्कळशा नसतात. म्हणून प्रत्येक कथा ध्वनिनियमांच्या आणि जुन्या लेखनाच्या कसोटीला लावून पाहावी लागते. ‘त्राबाखो’ची कथा या कसोटीला उतरते. ‘त्रिपालियुम’ म्हणजे तीन खुंटांचे छळयंत्र. त्यावरून ‘त्रिपालियारे’ म्हणजे छळणे. ‘प’चा ‘ब’ होणे वर पाहिलेच, आणि ‘लिय’चा ‘ख’ होणे ‘फीलियुम’च्या ‘ईखो’त दिसते. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘त्राबाखो’चा अर्थ कष्ट आणि हालअपेष्टा असा होता. प्रसिद्ध स्पॅनिश लेखक सेर्वान्तेस याची शेवटची कादंबरी 1617 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली, तिच्या शीर्षकातील ‘त्राबाखोस’चा अर्थही नायक-नायिकेने सोसलेली संकटे असाच आहे.

यकृताची कथा तर मला याहून प्रिय आहे. यकृताला लॅटिनमध्ये ‘येकुर’ म्हणत. अंजिरे चारून पोसलेल्या जनावराचे यकृत रोमन लोक आवडीने खात आणि त्याला ‘येकुर फिकातुम’, म्हणजे अंजिरी यकृत, म्हणत. पुढे ‘येकुर’ गळाले, नुसते विशेषण राहिले आणि त्याचे ‘ईगादो’ झाले. माणसाच्या यकृतालाही आज स्पॅनिश डॉक्टर हाच शब्द वापरतात. अंजीर स्वतः ‘फीकुस’पासून ‘ईगो’ झाले. भावाचेही असेच झाले : ‘फ्रातेर गेर्मानुस’ म्हणजे सख्खा भाऊ, त्यातला ‘फ्रातेर’ गळाला आणि ‘सख्खा’ या अर्थाचे विशेषणच ‘एर्मानो’ म्हणजे भाऊ झाले. सफरचंदाच्या ‘मान्साना’ या नावात मातियस या रोमन गृहस्थाचे नाव आहे. ‘माला मातियाना’ म्हणजे मातियसची सफरचंदे.

उलट, प्रामाणिक या अर्थाचा ‘सिन्सेरो’ हा शब्द ‘मेणाविना’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आला आणि मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवीत, ही फार पसरलेली कथा निराधार आहे. अशा कल्पना आजच्या नव्हेत. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर याने ‘अमीकुस’ची फोड ‘आत्म्याचा रक्षक’ अशी केली होती, पण तो शब्द प्रेम करणे या अर्थाच्या ‘अमारे’च्या घरातला आहे. इसिदोरची विद्वत्ता थोर होती. मात्र ध्वनिनियमांची कल्पना येण्यास अजून हजारांहून अधिक वर्षे अवकाश होता.

प्रश्न : काहीच नाही या अर्थी ‘नादा’ म्हणतात. हा शब्द ‘न’पासून आला ना?

नाही. ‘रेस नाता’ म्हणजे जन्मलेली वस्तू. ‘जन्मलेली वस्तू दिसत नाही’ अशा वाक्यांत तो शब्द जोर देण्यासाठी सतत येत राहिला आणि नकाराच्या सहवासाने स्वतःच नकारार्थी झाला. कोणीच नाही या अर्थाचा ‘नादिए’ हाही ‘जन्मलेले’ या अर्थाच्या ‘नाती’पासून आला आहे.

प्रश्न : स्पॅनिशमधले सगळेच शब्द लॅटिन आहेत का?

नाहीत. डावा या अर्थाचा ‘इस्किएर्दा’ बास्कशी संबंधित आहे, युद्ध या अर्थाचा ‘गेर्रा’ जर्मानिक आहे, तर तेल ‘आसेइते’ आणि कापूस ‘आल्गोदोन’ हे अरबी आहेत. 711 पासून द्वीपकल्पाचा मोठा भाग शतकानुशतके अरबी सत्तेखाली असल्याने अरबी शब्दांचा भरणा मोठा आहे. साखर ‘आसूकार’ आणि संत्रे ‘नारान्खा’ हे शब्दही अरबीतूनच आले, पण त्यांचे मूळ ‘शर्करा’ आणि ‘नारंग’ या शब्दांत आहे.

प्रश्न : लॅटिन संपून स्पॅनिश सुरू झाली ती नेमकी केव्हा?

अशी तारीख सांगता येत नाही, कारण कोणत्याही पिढीला आपण आईबापांपेक्षा वेगळी भाषा बोलतो असे वाटले नाही. लेखनात मात्र बोली केव्हा डोकावू लागली ते दिसते. सान मिल्यान दे ला कोगोल्या येथील मठात एका लॅटिन हस्तलिखिताच्या समासात कठीण शब्दांचे बोलीतले अर्थ लिहिलेले आढळतात आणि ते सर्वश्रुत आहेत. मला त्यापेक्षा लिओन शहराजवळच्या एका मठातला, साधारण 980 च्या सुमाराचा कागद अधिक बोलका वाटतो. एका दानपत्राच्या मागच्या बाजूला सेमेनो नावाच्या साधूने मठातले चीज कुठे कुठे खर्ची पडले याची नोंद केली आहे. द्राक्षमळ्यात खपलेल्या बंधूंना पाच, आणि राजा आला तेव्हा चार. ही नोंद कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हती, म्हणून तिच्यात भाषेला इस्त्री केलेली नाही. आरंभीच ‘नोदिसिया दे केसोस’ असे आहे : ‘नोतितिया’तला ‘त’ मृदू होऊन ‘द’ झालेला, संबंध दाखवायला षष्ठी विभक्तीऐवजी ‘दे’ वापरलेला, आणि ‘कासेउस’चे ‘केसो’, म्हणजे आजच्या उच्चाराचा शब्द, जसाच्या तसा. नामापूर्वी जागोजाग ‘इलो’ येते. लॅटिनमध्ये ‘इल्ले’ म्हणजे ‘तो’. इथे तो दर्शक अर्थ सोडून नामाला चिकटू लागला आहे, आणि स्पॅनिशमध्ये आज नामापूर्वी येणारे ‘एल’ आणि ‘ला’ याच शब्दापासून झाले आहेत.